शब्द नसलेली सात मिनिटं

"अफेजिया," डॉक्टर लाहिडी म्हणाले आणि माझा चेहरा बघून खुर्ची जवळ ओढून हिंदीत समजावू लागले. ह्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. त्याला थ्रॉम्बोसिस म्हणतात. तेवढ्याने उजवा हात आणि पाय गेला होता. भाषेची जागाही त्याच बाजूला असते.

"ते तुम्हाला ओळखतात. पाणी म्हणजे काय, हेही त्यांना कळतं. फक्त शब्द सापडत नाही. अफेजिया म्हणजे ते."

"परत येतील ना शब्द?"

"काही येतील. किती आणि कोणते, ते मी सांगू शकत नाही."

'कोणते' या शब्दाकडे मी तेव्हा लक्षच दिलं नाही. ज्यांच्या घरी हा आजार येईल त्यांनी द्यावं, म्हणून हे लिहिते आहे.

माझे यजमान माधवराव कलकत्त्यातच जन्मले, वाढले. वडिलांच्या नोकरीमुळे त्यांचं कुटुंब इथलंच झालेलं. हे शाळेत भूगोल शिकवायचे. मी लग्न होऊन साताऱ्याहून आले. मूलबाळ नाही. सासू-सासरे गेल्यावर बेहाला भागातल्या आमच्या दोन खोल्यांत मराठी बोलणारे आम्ही दोघंच उरलो. माझं बंगाली मासळीवाल्यापुरतं. चौदा वर्षांत त्याहून जास्त लागलं नाही, कारण घरी हे होते.

त्या सकाळी शाळेत निघताना चपला घालता घालता हे भिंतीवर टेकले आणि खाली बसले. तोंड वाकडं झालं होतं. शेजारच्या नीलिमादींनी टॅक्सी आणली.

पहिले चार दिवस नुसत्या तपासण्या. लंबर पंक्चर म्हणजे पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढतात. मेंदूत रक्तस्राव झालाय का, ते त्यावरून कळतं. झाला नव्हता. मी बाहेरच्या बाकावर बसून असायची. आत सोडण्याची वेळ चार ते सहा.

नवव्या दिवशी मी आत गेले तेव्हा ह्यांनी डावा हात हलवला आणि म्हणाले, "जोल."

बंगालीत पाणी. मी आनंदाने रडले. सिस्टरला हाक मारली, पेला लावला. मग रोज एखादा शब्द येऊ लागला. माछ म्हणजे मासा, ब्यथा म्हणजे दुखणं, जानला म्हणजे खिडकी. सगळे बंगाली. मी कानाशी लागून म्हणायची, "अहो, खिडकी म्हणा. खि-ड-की." हे ओठ जुळवायचे, घाम फुटायचा, आणि काहीच यायचं नाही.

एक दिवस माझ्याकडे बघून नीट, स्वच्छ म्हणाले, "आपनि बोसुन." आपण बसा. परक्या बाईला म्हणतात तसं.

मी बसले. काय करणार?

डॉक्टर म्हणाले, "दोन भाषा असलेल्या माणसात कधी कधी एकच परत येते. लहानपणी रस्त्यावर खेळताना शिकलेली आधी आली असेल. का, ते आम्हालाही नीट माहीत नाही. यात तुमच्यावरच्या मायेचा काही संबंध नाही."

हे वाक्य मी स्वतःला पुष्कळदा म्हणून दाखवलं. दर वेळी पटलंच असं नाही.

तीन आठवड्यांनी घरी आणलं. भेटायला माणसं यायची. चांगलीच माणसं, पण प्रत्येकजण परीक्षा घ्यायचा. पेन दाखवून, "हे काय आहे?" चष्मा दाखवून, "आणि हे?" हे भिंतीकडे तोंड करायचे. रेडिओ लावला की डोळ्यांतून पाणी यायचं. एवढे शब्द इतक्या भराभर बोलणारा माणूस त्यांना सोसत नसावा. मीही काही वेगळी नव्हते. रोज सकाळी मी मराठी अंकलिपी घेऊन बसायची.

ह्यांचे मित्र बिमलबाबू एक फिल्म क्लब चालवायचे. एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत परदेशी चित्रपट दाखवायचे. आजाराच्या आधी एकदा हे मला तिथे घेऊन गेले होते. हाताने काढलेल्या चित्रांचे छोटे चित्रपट होते. लांब कोटातला एक प्रवासी नुसता भटकत राहतो. पाठीवर त्याने एक दार बांधलेलं. माळावर ते उभं करून उघडलं की पलीकडे समुद्र. समुद्रात खुर्च्या पोहतात. तो एका खुर्चीवर बसतो आणि जातो. कोणी बोलत नाही. मधूनच बासरी वाजते. परतताना ट्रॅममध्ये मी म्हटलं होतं, "यात गोष्ट कुठे आहे?" हे नुसते हसले होते.

एका रविवारी संध्याकाळी बिमलबाबू रिक्षातून प्रोजेक्टर घेऊन आले. मला म्हणाले, "बउदी," म्हणजे वहिनी, "एक चादर द्या. पांढरी."

खिडक्या बंद करून त्यांनी सात-सात मिनिटांचे ते चित्रपट लावले. मी चादरीकडे कमी आणि ह्यांच्याकडे जास्त पाहत होते. प्रवाशाला वाटेत मासा भेटला, त्याची छत्री झाली, छत्रीचं झाड झालं. ह्यांचे खांदे सैल पडले. आजारानंतर पहिल्यांदाच. मला तेव्हा कळलं, ह्यांना ते चित्रपट का हवेसे वाटतात. तिथे त्या माणसाला कोणी काही विचारत नाही. त्याचं नाव नाही, गाव नाही. माशाला मासा म्हणावं लागत नाही. त्याची छत्री झाली तरी चुकलं असं कोणी म्हणत नाही. तो आपला चालतो.

तिसऱ्या चित्रपटात प्रवाशाने दार उभं केलं आणि लोडशेडिंग झालं. प्रोजेक्टर घरघरत थांबला. बिमलबाबू हळहळले. मी कंदील लावून आणला, तर हे पलंगाचा कठडा धरून उभे होते. त्या प्रवाशासारखं पाठीवर कसंबसं दार पेललं. पाय ओढत दोन पावलं चालले. दार उतरवलं, उभं केलं, डाव्या हाताने कडी काढली आणि मला हात केला. आधी तू.

मी वाकून त्या नसलेल्या दारातून पलीकडे गेले. हे हसले. मीही हसले. बिमलबाबूंनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी अंकलिपी कपाटात ठेवून दिली. पुढचे पाच महिने आम्ही हातांनी, भुवयांनी बोललो. बिमलबाबू दर रविवारी येत. कोणते शब्द येतात, ते मी मोजायचं सोडून दिलं.

दुसरा झटका आला तेव्हा हॉस्पिटलपर्यंत शुद्ध होती. मग नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी हे गेले.

साताऱ्याहून आलेल्या माझ्या बहिणीने विचारलं, "शेवटचं काय बोलले गं?" मी पुष्कळ आठवलं. माझ्याशी मराठीत बोललेलं ह्यांचं शेवटचं वाक्य त्या पहिल्या सकाळचं होतं, "आज डबा नको." त्या आधीची चौदा वर्षं आम्ही रोज बोलत होतो, आणि मी त्यातलं काहीच जपून ठेवलं नव्हतं. ते दुःख कमी झालेलं नाही. होईल असं वाटतही नाही.

तुमच्या घरी असं झालं, तर आजारी माणसाला वस्तूंची नावं विचारू नका. शब्द यायचे तेव्हा येतील, बोलायला शिकवणारे शिकवतील. तुम्ही त्यांच्याजवळ बसा. मला हे उशिरा कळलं, तरी पाच महिने मिळाले. ते बिमलबाबूंनी दिले.

गेल्या महिन्यात डॉक्टर लाहिडींनी बोलावणं पाठवलं. बजबजच्या ज्यूट मिलमधला एक तेलुगू कामगार, तोच आजार. बायको बाकावर बसून असते, कोणाशी बोलत नाही, म्हणाले. मी गेले. तिला हिंदी येत नव्हतं, मला तेलुगू येत नाही. चार वाजायला पाऊण तास होता. तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवी मांडीवर घेतली आणि थोडी सरकली. मी तिच्या शेजारी बसले.