डागावरून वाइन

माझी मावशी एका लाँड्रीत डाग काढायची. धुणं, इस्त्री, घड्या घालणं ही कामं इतरांची. तिच्यापुढे यायचा तो फक्त बिघडलेला कपडा. शाई, गंज, रक्त, ग्रीस, लिपस्टिक, कोणाचं काय नि कोणाचं काय. खिडकीजवळ तिचं टेबल होतं. त्यावर औषधांच्या बाटल्या, एक बोथट चमचा आणि दात घासायचे जुने ब्रश. कपडा उजेडात धरायची, नाकाशी न्यायची आणि त्या घरात काय घडलंय ते सांगून मोकळी व्हायची. "ही बाई रडत रडत जेवलीय," म्हणायची. खरं की खोटं, कोण बघायला जातंय? पण आम्ही भाचरं तिच्यापुढे थाप मारायच्या भानगडीत कधी पडलो नाही.

त्यातही रेड वाइनशी तिचं खास वैर होतं. जन्मभर तिनं ती कापडावरच पाहिली, जिभेवर कधी ठेवली नाही. "गार पाणी घाल. गरम घातलंस की संपलं," हे मला पाढे यायच्या आधी येत होतं.

तर अशा या मावशीचा एके दिवशी फोन आला. "वाइनची बाटली घ्यायचीय. लाल. गाडी काढ आणि ये." मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

बाटली हवी होती ती तिच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना द्यायला. बाई शाळेत गाणं शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी सगळी इमारत त्यांना बाईच म्हणायची. काका, म्हणजे मावशीचे यजमान, बस चालवायचे. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि ते खुर्चीला खिळले. मावशीला नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. तेव्हा बाई आपण होऊन वर यायला लागल्या. दुपारी यायच्या, मावशी परतेपर्यंत बसायच्या. पेपर वाचून दाखवायच्या, पत्ते खेळायच्या, हरल्या की भांडायच्या. असं दीड वर्ष चाललं. मग काका गेले.

आणि त्यानंतर बाईंनी मावशीला टाळायला सुरुवात केली. जिन्यात दिसली की मान खाली. दार वाजवलं की आतून, "जरा कामात आहे हो." आता त्या घर विकून भाच्याकडे राहायला निघाल्या होत्या, कायमच्या.

"काय बिनसलं तुमचं?" गाडीत मी विचारलं.

"काही नाही. बाई यांना रोज वाइन पाजायच्या."

मी गाडी बाजूला घेतली. डॉक्टरांनी काकांना दारूचा थेंब वर्ज्य केला होता, हे सगळ्या घराला ठाऊक होतं.

"थोडीशीच गं. संध्याकाळी, मी यायच्या आत. दोघांना वाटायचं, मला पत्ता नाही. आणि उजव्या बाहीवर हा एवढा, बटणाएवढा डाग! माझ्यापासून लपवतायत, माझ्यापासून! मी रात्री शर्ट भिजवायची, सकाळी त्यांना घालायची आणि गप्प बसायची. हसायला लागले होते ते परत. ते मी बंद करू होय?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाईंना वाटतंय त्यांच्यामुळे ते गेले. असं ओझं घेऊन त्या इथून जाता कामा नयेत. मला सगळं माहीत होतं आणि मी त्यांची ऋणी आहे, एवढं त्यांना कळायला हवं. तोंडानं मला हे जमायचं नाही. तीच बाटली समोर ठेवली की झालं."

"पण तीच म्हणजे कुठली? नाव काय तिचं?"

मावशीनं पिशवीतून घडी घातलेला पांढरा शर्ट काढला. काकांचा शेवटचा. तो तिनं धुतलाच नव्हता.

दुकानात शिरल्यावर तिनं तो शर्ट काउंटरवर पसरला. "हा डाग ज्या वाइनचा आहे ना, ती द्या."

दुकानदार चष्मा नाकावर ओढलेले एक शांत गृहस्थ होते. त्यांना वाटलं, तक्रार आलीय. "काकू, कपड्यांची जबाबदारी आमच्याकडे नसते," ते म्हणाले. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. त्यांनी बाही उचलून पाहिली, वास घेतला आणि मान हलवली. "इतका जुना डाग. कुठलीही वाइन शेवटी तपकिरीच होते."

"तुमच्यासाठी होत असेल," मावशी म्हणाली आणि पिशवीतून पांढऱ्या चिंध्यांचा गठ्ठा बाहेर आला.

चवीसाठी उघडलेल्या जेवढ्या बाटल्या होत्या, त्या सगळ्यांचा थेंब थेंब तिनं चिंध्यांवर घेतला. दोन गिऱ्हाइकं हातातली खरेदी विसरून बघत उभी राहिली. मी भिंतीकडे तोंड करून लेबलं वाचत होते; त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. मावशी चिंध्या खिडकीशी नेऊन शर्टाशेजारी धरत होती, पुन्हा काउंटरवर आणत होती, पुन्हा नेत होती. शेवटी ती तिथल्या स्टुलावर बसली.

"काही कळत नाही गं," म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मला एकदम रडू यायला लागलं.

दुकानदार भला माणूस. त्यांनी तिला पाणी आणून दिलं. ती ते प्यायली नाही. चिंध्या ओल्या करून एकेक चोळायला लागली, सवयच ती. एक चिंधी राहिली ती काही केल्या दाद देईना. "ही द्या," मावशी म्हणाली. "चिवट आहे. हे पण तसेच होते."

बाईंच्या घरात खोकीच खोकी होती. पेटी ठेवायचं टेबल गेलं होतं, फरशीवर त्याच्या पायांचे ठसे तेवढे राहिले होते. बाईंनी दार अर्धंच उघडलं. मावशीनं त्या फटीतून बाटली आत धरली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "आभार मानायला आलेय."

बाटली बघून बाई मागे सरकल्या आणि एका खोक्यावर बसल्या. "वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"मग डाग कोण काढत होतं?" मावशीनं शर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला. "माझ्या नवऱ्याला तुम्ही हसवलंत. मला ते जमत नव्हतं, मी दमून यायचे. त्यांचं जायचं ठरलेलंच होतं हो. तुमच्यामुळे ते हसत गेले."

बाई बराच वेळ रडल्या. बाहीवरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "पण सांडायचं नाही हो त्यांच्याकडून. ग्लास डाव्या हातात असायचा, तो हात धड होता. ग्लास खाली ठेवून ते त्याच हाताचं बोट बुडवायचे आणि मुद्दाम इथे पुसायचे. रोज. मी ओरडायचे, अहो, वहिनींना कळेल! तर म्हणायचे, कळू दे की. तिच्यापासून लपवून मी काही करत नाही. फक्त सांगायची हिंमत नाही. सकाळी बाही स्वच्छ असली की समजायचं, आजही परवानगी आहे."

हजारो डाग वाचलेल्या माझ्या मावशीला हा एक वाचता आला नव्हता, आणि उत्तर मात्र ती रोज देत आली होती. शेवटचं सोडून.

तिनं बाईंच्या मांडीवरचा शर्ट उचलला. "बाई, मीठ बांधलंत की बाहेर आहे?"

बाईंनी दोन खोकी उघडली तेव्हा मीठ सापडलं. मावशी मोरीशी उभी राहिली आणि नळ सोडून बाही धुवायला लागली.

"मावशी, अगं इतका जुना डाग, तो आता जायचा नाही," मी म्हटलं.

"मला शिकवू नकोस," ती म्हणाली, आणि चोळत राहिली.