गोठ्यातलं शेवटचं पिल्लू

आक्काला कोणी अडवून ठेवलं होतं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. गोठ्यात दावणीला बांधलेल्या होत्या त्या गायी. आक्का सुटीच होती. तिचा धाकटा भाऊ तर उठता-बसता सांगायचा, "आक्का, तुला जायचंय ना? मग जा की! मी कधी नाही म्हटलंय?" आणि खरंच, त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं. तो फक्त पुढे एक वाक्य जोडायचा. तेवढी तांबडी व्यायली की जा. तेवढी वैरण आत येऊन पडली की जा. तेवढं माझं कंबरेचं दुखणं बसलं की जा. तरुणपणी एक स्थळ चालून आलं होतं, तेही असल्याच कुठल्याशा 'तेवढ्या'पायी कंटाळून निघून गेलं. असं तेवढं तेवढं करता करता आक्काचे केस पिकले, आणि भावाचा आवाज मात्र होता तसाच लोण्यासारखा मऊ राहिला.

तिला जायचं होतं मिरचीकडे. मिरची म्हणजे तिची शाळेतली मैत्रीण. हे नाव मास्तरांनी ठेवलं होतं आणि त्यांनी ते उगाच ठेवलं नव्हतं. मिरची फार वर्षांपूर्वी शहरात गेली आणि तिथे तिने कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान टाकलं. दुकानाच्या वर एक खोली होती, रस्त्याकडे खिडकी असलेली. ती आक्कासाठी म्हणून रिकामी ठेवलेली होती. दर वर्षी मिरची बोलवायची आणि दर वर्षी आक्का 'येते येते' म्हणायची. यंदा मात्र मिरचीने फोनवर सरळच सांगून टाकलं.

"हे शेवटचं हं. थंडी पडायच्या आत आलीस तर आलीस. नाहीतर खोली मी दुसऱ्या बाईला देणार. मलाही हात लागतात गं, नुसत्या मैत्रीने चादरी वाळत नाहीत."

"येते," आक्का म्हणाली. "पाकोळ्यांची दुसऱ्या खेपेची पिल्लं उडाली ना, की त्याच दिवशी निघते."

"पाकोळ्यांचं आणि तुझं काय नातं आहे?"

नातं होतं. गोठ्याच्या मधल्या तुळईवर पाकोळ्यांचं घरटं होतं, चिखलाच्या गोळ्या एकावर एक थापून केलेलं, अर्ध्या वाटीएवढं. गोठ्याचं दार दोन भागांचं होतं, एक खालचा आणि एक वरचा. आक्काच्या वडिलांचा दंडक असा, की पाकोळीची पिल्लं आत असेपर्यंत दाराचा वरचा भाग लावायचा नाही. पाकोळी माशा खाते, माशा कमी झाल्या की गाय पाय झाडत नाही, आणि गाय शांत उभी राहिली तर दूध नीट निघतं. यात खोटं काहीच नव्हतं. पण दार उघडं राहिलं की मांजर आत येणार, म्हणून कोणीतरी गोठ्यात झोपायला हवं. ते कोणीतरी म्हणजे आक्का. वडील गेले, दंडक राहिला. दावणीच्या टोकाला फळ्या ठोकून एक आडोसा केलेला होता, त्यात तिची खाट आणि एक ट्रंक. पाकोळ्या उन्हाळ्याच्या तोंडाला यायच्या आणि थंडीआधी जायच्या. आक्का मात्र बाराही महिने तिथेच असायची.

तिला पाकोळ्यांची सगळी रीतभात पाठ होती. नराच्या शेपटीच्या दोन काड्या लांब, गळा विटेसारखा लाल. जमिनीवर उतरायचं ते फक्त चिखल उचलायला. पाणीसुद्धा उडता उडताच प्यायचं. पिल्लं झाली की उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत आई-बापाला बूड टेकायला मिळायचं नाही. दूध काढताना आक्काच्या डोक्यावरून सूं सूं जा-ये चालायची, आणि प्रत्येक खेपेला वरती पिवळ्या चोचींचा एकच गिल्ला व्हायचा. गायींनासुद्धा त्या आवाजाची सवय झाली होती. घरटं रिकामं असलं की पांढरी गाय पान्हा चोरायची, निदान आक्काचं तसं म्हणणं होतं.

यंदा दुसऱ्या खेपेला चार पिल्लं होती. त्यातली तीन एका सकाळी पाठोपाठ बाहेर पडली आणि अंगणातल्या तारेवर जाऊन बसली. चौथं मागे राहिलं. ते घरट्याच्या काठावर यायचं, खाली बघायचं आणि पुन्हा आत सरकायचं. आक्काने त्या दिवशी ट्रंक आवरून ठेवली होती. तिने ती पुन्हा खाटेखाली लोटली. आजचा दिवस जाऊ दे, उद्या उडेल.

दुसऱ्या दिवशी वेगळंच झालं. आई चोचीत किडा धरून दारापर्यंत आली, तिथल्या तिथे पंख फडफडवत थांबली, ओरडली आणि माघारी फिरली. पुन्हा आली, पुन्हा गेली. पिल्लाच्या तोंडात काही पडेना. ते उपाशी केकाटत राहिलं.

"टाकलं हिने," आक्का म्हणाली. "तीन सांभाळली आणि हे नकोसं झालं."

मग आक्काने ते काम आपल्या अंगावर घेतलं. गायीच्या पाठीवर बसलेली माशी मुठीत धरायला तिला वेळ लागत नसे, उभा जन्म तिने तेच केलं होतं. पण घरटं उंच. गव्हाणीच्या काठावर पाय देऊन चढताना ती एकदा घसरली. भावाने ते पाहिलं, आणि दुपारच्या आत तो स्वतःच्या हाताने ठोकलेलं एक मजबूत स्टूल घेऊन हजर झाला. गोठ्याचं गळणारं पत्र्याचं छप्पर त्याच्याने किती वर्षांत नीट झालं नव्हतं, पण स्टूल कसं झटक्यात झालं!

"पडशील गं," तो मायेने म्हणाला. "आणि घाई कसली आहे? तेवढं ते पिल्लू मोठं होऊ दे."

पिल्लू मोठं होतंच होतं. अंगाने ते आईएवढं दिसू लागलं, घरट्यात मावेना, पण आक्का स्टूलावर चढली की तोंड वासायचं ते तान्ह्या बाळासारखं. आई आक्काच्या केसांवर झडप घालायची. आक्का चिडायची, "स्वतःला जमत नाही, आणि दुसऱ्याने केलं तर बघवत नाही!" इकडे सकाळचं गार पाणी हाताला झोंबू लागलं होतं. लांबच्या तारांवर पाकोळ्यांच्या रांगा जमायला लागल्या होत्या. आता एक दिवस त्या सगळ्या उठणार होत्या.

मिरचीचा फोन आला. "ती दुसरी बाई दारात येऊन विचारून गेली. काय सांगू तिला?"

"अगं, एकच पिल्लू राहिलंय. त्याची आई त्याला भरवत नाही. मी नसले तर मरेल ते."

"रविवारपर्यंत थांबते," एवढंच बोलून मिरचीने फोन ठेवला.

भावजय कमी बोलणारी बाई. दुधाची किटली न्यायला ती रोज गोठ्यात यायची आणि आल्या पावली परत जायची. त्या दिवशी ती किटली हातात धरून दाराशी थांबली आणि स्टूलावर चढलेल्या आक्काकडे बघत राहिली.

"वन्सं, ते उडेल कशाला?"

"म्हणजे?"

"आई टाकून गेलेली नाही. ती बाहेर उभी राहून बोलावतेय. भूक लागली की येईल, म्हणून आत येत नाही. तुम्ही जागेवर भरवताय, मग त्याला भूक लागायची कधी?" तिने किटली या हातातून त्या हातात घेतली. "आमच्या ह्यांनी स्टूल उगाच नाही केलं. आणि मला तुम्ही जड झालात म्हणून सांगतेय असंही समजू नका. तुम्ही गेलात तर या सगळ्यांचं दूध मलाच काढावं लागणार आहे. तरी सांगतेय."

आक्काला भयंकर राग आला. काल आलेली ही, हिला पाकोळ्यांतलं काय कळतं! ती स्टूलावरून उतरली, शेण भरलं, गव्हाणी झाडल्या. झाडता झाडता तिचा हात थांबला. शेवटच्या पिल्लाला आई बाहेरूनच बोलावते, घास दाखवते आणि देत नाही, हे तिने दर वर्षी पाहिलं होतं. भावजय या घरात यायच्या आधीपासून पाहिलं होतं. दर वर्षी पाहिलेली गोष्ट ती नेमकी याच वर्षी विसरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढून झाल्यावर आक्का गोठ्याबाहेर येऊन बसली. हात मांडीखाली दाबून बसली, कारण ते तिचं ऐकतील याची तिला खात्री नव्हती. आत पिल्लू केकाटत होतं. आई दारात येत होती, थांबत होती, परतत होती. दुपार झाली तसा पिल्लाचा आवाज बसला. आक्काचे डोळे वाहायला लागले.

"आक्का, मरेल ते! दगड झालीस का?" भाऊ धावत आला आणि स्वतःच माशा पकडायला लागला. त्याने गायींच्या पाठीवर चापट्यांवर चापट्या मारल्या, एकही माशी हाती लागली नाही, उलट तांबडीने त्याला शेपटीचा एक सणसणीत फटका दिला. तो डोळा चोळत उभा असताना पिल्लू काठावर आलं. ते उडालं असं म्हणवत नाही, ते पडलंच. पण पडता पडता पंख उघडले, खालच्या दाराला घासून ते बाहेर आलं आणि वेडंवाकडं तारेवर जाऊन टेकलं. आईने क्षणात त्याच्या चोचीत घास घातला.

आक्काला वाटलं होतं आनंद होईल. झाला नाही.

संध्याकाळी भाऊ गोठ्यात आला. "बरं झालं हं. आता तू मोकळी. जा की खुशाल! फक्त त्या पांढरीला दूध काढताना तुझ्याशिवाय कोणी चालत नाही. तेवढी तिला दुसऱ्या हाताची सवय झाली की..."

आणि आक्काला हायसं वाटलं. अगदी अंगावरचं ओझं उतरल्यासारखं. भाऊ निघून गेल्यावरही ते हायसं वाटणं जाईना, आणि त्याची तिला अशी लाज वाटली की ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली. इतकी वर्षं तिने भावाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. त्याच्या त्या 'तेवढ्या'ची ती वाट बघायची, हे तिने स्वतःलाही कधी कळू दिलं नव्हतं.

तिने फोन लावला.

"पिल्लू?" मिरचीने विचारलं.

"उडालं."

"मग आता कोणी अडवलंय?"

"कोणीच नाही गं. मला भीती वाटते. इथे निदान गायी मला ओळखतात. तिथे मी कोण? इस्त्री करताना कपडा जळला माझ्या हातून तर? रस्ता ओलांडता नाही आला तर?"

"एवढंच ना? मग भीत भीत ये. मीसुद्धा भीत भीतच आले होते. न भिता इथे कोण आलंय?"

सकाळी आक्काने बाकी सगळ्या गायींचं दूध काढलं. पांढरीचं भावजयीकडून काढून घेतलं. कपाळ तिच्या कुशीला टेकवायचं आणि मगच आचळाला हात लावायचा, एवढं शिकवलं. पांढरीने पाय झाडला, किटली लवंडली, भावजयीने ती पुन्हा मांडली. आक्काने ट्रंक उचलली.

भाऊ खालच्या दाराशी उभा होता. हातात वाफाळतं ताट होतं. डोळ्यांत खरोखरच पाणी होतं, आणि तेच आक्काला कठीण गेलं. "निदान चार घास खाऊन तरी जा गं. उपाशीपोटी घराबाहेर पडू नये. तेवढं जेव आणि मग जा, मी स्वतः बसवून देतो तुला बसमध्ये."

ताटावर बसलं की सकाळची बस जाणार. बस गेली की दुपार, आणि दुपार गेली की दूध काढायची वेळ. आक्काने ताटाकडे पाहिलं. काल दुपारपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"नको रे," ती म्हणाली. "मला भूक लागू दे."

त्याला त्यातलं काही कळलं नाही. तिने त्याचा खांदा थोपटला, त्याला हलक्या हाताने बाजूला केलं आणि दार उघडून ती बाहेर पडली. थांब्यापर्यंतचा रस्ता तिच्या रोजच्या ओळखीचा, तरी ती तो पहिल्यांदाच चालल्यासारखी चालली. बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. ट्रंक तिने मांडीवरच धरून ठेवली. पोटात कावळे कोकलत होते, आणि शेजारच्या बाईने "कुठे निघालात?" म्हणून विचारलं तेव्हा आक्काला रडू फुटलं. रडत रडतच तिने मिरचीच्या दुकानाचा पत्ता सांगितला.