दुर्गाबाईंच्या पोतीतलं कार्ड

हसनाबादच्या दुर्गाबाईंच्या गळ्यातल्या पोतीत सोनं नावालाच होतं, बाकी सगळे काळे मणी. दोन हजार चार साली त्या मण्यांच्या मधोमध त्यांनी आमच्या कंपनीचं कार्ड ओवलं, आणि तिथून पुढचा सगळा गोंधळ सुरू झाला.

गावाबाहेर कपाशीचं बियाणं साफ करायची आमची कंपनी होती. मी तिथं ऑफिसात. हंगामात बियाणं निवडायला बाया यायच्या, पण कुणाला आत घ्यायचं ते तातेराव मुकादम ठरवायचा. बाजूच्या छोट्या फाटकात हा गडी कमरेवर हात ठेवून उभा. त्याच्या शेतात जी फुकट निंदायला जाईल तिला काम. जी जाणार नाही तिला एकच वाक्य, "हो बाजूला, मागच्यांना येऊ दे." दुर्गाबाईंचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या जिवावर. त्या मुकाट्यानं त्याचं गवत काढायच्या. बघून माझंच डोकं तापायचं.

मग बियाण्याच्या चोऱ्या वाढल्या म्हणून साहेबांनी मोठ्या दाराला यंत्र बसवलं. भिंतीवर एक काळी डबी. कार्ड जवळ नेलं की टुक करून हिरवा दिवा लागायचा आणि दार उघडायचं. कार्ड सगळ्यांना मिळालं, बायांनासुद्धा. पहिल्या दिवशी दार उघडलं तेव्हा दुर्गाबाई आत जाऊन पुन्हा वळून दाराकडे बघत राहिल्या. आता कुणाच्या शेतात जायची गरज नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

कार्ड वाकवू नका, भिजवू नका, असं आम्ही बजावलं होतं. भोक पाडू नका हे सांगायचं कुणाला सुचलंच नाही. एवढी मोलाची वस्तू बाईमाणसानं गळ्यातच घालायची, म्हणून दुर्गाबाई थेट सोनाराकडे गेल्या आणि तापलेल्या सुईनं कार्डाला भोक पाडून घेतलं. त्यांचं बघून त्याच संध्याकाळी गावातल्या सगळ्याजणींनी तेच केलं. कार्डाच्या आत कडेकडेनं बारीक तार फिरवलेली असते, ती तुटली. सकाळी डबीसमोर एकीची मान पुढं, दुसरीची मान पुढं, पण दिवा काही लागेना.

तातेरावाला आनंद लपवता येईना. त्यानं छोटं फाटक उघडलं आणि म्हणाला, या इकडून, मी बघतो कुणाला घ्यायचं ते. बाया खाली मान घालून वळल्या. दुर्गाबाई मात्र मोठ्या दारासमोर फतकल मारून बसल्या. आज त्या फाटकातून गेलो तर जन्मभर निंदण करावं लागंल, असं त्यांनी मागं वळून बायांना सांगितलं. एकेक करत सगळ्या येऊन बसल्या. आत यंत्रं सुरू आणि निवडायला कुणी नाही.

साहेब धावत आले. त्यांचं म्हणणं, नवी कार्डं औरंगाबादहून यायला आठवडा लागेल, तोवर फाटकानं या. दुर्गाबाई उठल्या नाहीत.

"मंग आठ दिवस दुसऱ्या कुणालाबी दार उघडू द्या, साहेब. आमचं काम बुडवायचं न्हाई. पण ह्या मुकादमाच्या हातानं आम्ही आत येत न्हाई."

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मला पुढं केलं. आठवडाभर मी माझ्या कार्डानं दार उघडत होते, एकेका बाईला नाव घेऊन आत घेत होते. आयुष्यात इतकं मनापासून काम मी क्वचितच केलं असेल. नवी कार्डं आली तेव्हा बायांनी खणाच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या आणि त्या पोतीला बांधल्या. पिशवीतूनही टुक व्हायचं. त्या वर्षी तातेरावाच्या शेतात तण कमरेला लागलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. तातेराव कार्ड दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात विसरून आला. छोट्या फाटकाला नवी कार्डं आल्यापासून कुलूप होतं. रिकाम्या हातानं डबी चाचपून झाली, दार ढकलून झालं. मागं बायांची रांग लागली आणि पुढं नेमक्या दुर्गाबाई. तो हळूच म्हणाला, तुझ्या कार्डावर मला आत घे. दुर्गाबाईंनी छाती पुढं केली, दिवा हिरवा झाला.

"ज्याचं कार्ड त्यालाच जाता येतंय," त्या म्हणाल्या. "बाजूला व्हा, मुकादम, मागच्यांना येऊ द्या."