साफ मशीनचा वास

देवाने माणसांना नाकं वाटली तेव्हा सगळ्यात तिखट नाक आमच्या मावसाजींसाठी बाजूला काढून ठेवलं असणार, आणि मावसाजींनी ते उतारवयात दुसऱ्यांच्या वॉशिंग मशीनमध्ये खुपसलं. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. घराणं विणकरांचं, नोकरी सरकारी कचेरीत कारकुनाची. पण रिटायर झाल्यावर मुलाने समोरून दार उघडणारी मशीन आणून दिली आणि त्यांना आयुष्यातलं खरं काम सापडलं. कुणाकडेही गेले की पाणी नको, चहा नको, आधी मशीन कुठे आहे ते विचारायचं. मग तिच्यासमोर बसायचं, चष्मा काढून खिशात ठेवायचा, डोकं आत घालायचं आणि दीर्घ श्वास घ्यायचा. बाहेर नुसती पाठ दिसायची. निकाल आतूनच यायचा, तोही घुमत.

माझ्या मशीनवर त्यांचा विशेष डोळा. मी मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. सकाळी कपडे लावून निघून जाते आणि ते ओले गोळे संध्याकाळपर्यंत आत कोंडून पडतात. "काहून वं," ते म्हणायचे, "तुले ओल्या टॉवेलात गुंडाळून कोणी दार लावून घेतलं तं चालंल का?" त्यांच्या लेखी मशीन म्हणजे घरातली राबणारी बाई, तिला धड श्वास तरी घेऊ द्यावा. म्हणून धुणं झालं की दार उघडं ठेवायचं, दाराचं रबर वाकवून त्याच्या घडीतलं पाणी जुन्या बनियनने टिपायचं, साबणाचा खण घासायचा, खालची जाळी काढून धुवायची, आणि अधूनमधून रिकामी मशीन सिरका, म्हणजे व्हिनेगर, घालून गरम पाण्यावर फिरवायची. साबण जरा जास्त पडला की भाजीत मीठ जास्त झाल्यासारखा चेहरा करायचे. एकदा ते येणार म्हणून मी चलाखी केली आणि संत्र्याच्या वासाचं सुगंधी पाणी आत शिंपडून ठेवलं. मावसाजींनी डोकं घातलं तसं बाहेर काढलं. "घाण झाकून राहिली तू," म्हणाले. "साफ मशीनले कायचाच वास नसते." त्या दिवशी माझ्याकडचा चहासुद्धा त्यांनी घेतला नाही.

आणि मावसबहिणीच्या लग्नाची गोष्ट तर विचारूच नका. मुलाचं घर बघायला आम्ही सगळे गेलो होतो. पोहे आले, आणि मुलीचे वडील हात धुऊन येतो म्हणून उठले ते परतलेच नाहीत. मावशी शोधायला गेली, मागे मुलाची आई, तिच्या मागे मी. मावसाजी मशीनसमोर मांडी ठोकून बसलेले, आणि रबराच्या घडीतून काढलेलं एक नाणं, हेअरपिना आणि लहान मुलाचा काळा पडलेला मोजा फरशीवर ओळीने मांडलेला. बाप्पा, मला वाटलं गेलं हे स्थळ हातचं. दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईचा फोन आला. लग्नाचं सावकाश बोलू म्हणाल्या, आधी सिरका किती घालायचा ते सांगा. लग्न झालं, थाटात झालं, आणि तेव्हापासून नात्यागोत्यात कुणाच्याही मशीनला वास सुटला की मावसाजींना बोलावणं जाऊ लागलं. पिशवीत सिरक्याची बाटली आणि जुना टूथब्रश घेऊन हे स्कूटरवर निघायचे. मावशी कितीही कुरकुरली तरी मला ते बघायला आवडायचं. रिटायर झालेल्या माणसाला कुणी हौसेने बोलावतं कुठे?

यंदा होळीच्या सुमारास त्यांना ताप आला आणि बराच लांबला. बरे झाल्यावर पहिल्याच रविवारी माझ्याकडे आले. नेमके माझे टॉवेल दोन दिवस मशीनमध्ये विसरलेले. कुबट वासाने मलाच नाक धरावं लागत होतं, त्यामुळे मी बोलणी खायच्या तयारीने उभी राहिले. मावसाजींनी चष्मा काढला, डोकं आत घातलं, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "फस्क्लास."

ते गेल्यावर मी मावशीला फोन केला. ती म्हणाली, कूलरला नवीन वाळा लावला, सुरू केला, सारं घर वासानं भरून गेलं, आणि हे मला विचारतात, वाळा कधी आणायचा. डॉक्टर म्हणे येईल वास परत, नाहीही येणार. "कोणाले सांगू नको वं," मावशी म्हणाली. "वास येत नाही समजलं तं मले आता कोण बोलावंल, असं म्हणते अन् बसून राहते हे." मला फार वाईट वाटलं. एवढा मोठा माणूस, आणि त्याला ही भीती!

त्याच संध्याकाळी मी मशीन साफ केली. रबर, खण, जाळी, सिरका, गरम पाणी, सगळं त्यांच्या पद्धतीने. मावसाजींनी फस्क्लास म्हटलंय ना, मग ती फस्क्लास असलीच पाहिजे. तेव्हापासून मीच त्यांना फोन करते, मावसाजी, या हो, मशीनला पुन्हा वास येतोय. आणि ते पोचायच्या आत ती लख्ख करून ठेवते, म्हणजे त्यांनी फस्क्लास म्हटलं तर ते खरंच ठरावं. ते येतात, डोकं घालतात, थोडं रागावतात, जेवून जातात.

गेल्या रविवारी मात्र ते डोकं आत घालून बराच वेळ बसले. मग त्यांचं बोट रबराच्या घडीतून सावकाश फिरलं. कोरडं. जाळी काढून पाहिली. स्वच्छ. एवढ्या साफ मशीनसाठी ही पोरगी आपल्याला का बोलावते, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या कळलं असावं. चष्मा लावून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, खरं सांग. काय वास येऊन राहिला?"

मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले, डोकं आत घातलं आणि त्यांच्यासारखाच दीर्घ श्वास घेतला.

"कायचाच नाही, मावसाजी."

ते हसले. "मलेही तेवढाच येऊन राहिला," म्हणाले, आणि मशीनचं दार सवयीने सताड उघडं ठेवून चहाला उठले.