दत्तात्रय मेहेंदळे यांचे त्रियारी

एकतीस वर्षं संसार झाला तरी नवऱ्याचं नाव लिहिताना माझा हात जरा अडखळतो. घरात मी त्यांना ‘अहो’ म्हणते आणि बाहेर ‘आमचे हे’. पण इथे दत्तात्रय असंच लिहिणार आहे, कारण ज्याच्याबद्दल तक्रार करायची त्याचं नाव तरी नीट घ्यावं.

दत्तात्रय कस्टम्समध्ये आहेत. कलकत्त्याला खिदिरपूरच्या गोदीत आलेला माल तपासण्यात त्यांची बरीचशी नोकरी गेली आणि येत्या मार्चात ते निवृत्त होतील. माणूस सरळ आहे, आवाज चढवत नाही, जेवताना नावं ठेवत नाही. दोष एकच. सगळं हातचं राखून करायचं. नवा शर्ट कपाटात दोन वर्षं घडीत राहतो. चितळ्यांच्या बाकरवडीचा पुडा कोणी पुण्याहून आणला की तो ‘पाहुण्यांसाठी’ ठेवला जातो, आणि पाहुणे येईपर्यंत त्याला खवट वास येतो. त्यांची अर्जित रजा तीनशे दिवस साठलेली आहे. त्यापुढे ती साठत नाही, दर सहा महिन्यांनी वरची वाया जाते, तरी हे रजा घेत नाहीत. “ऐन वेळी लागते,” म्हणतात. “तहान लागल्यावर विहीर खणायची नसते, शकुन.” मी म्हणते, विहीर खणून झाली हो, आता कोणी पाणी पिणार आहे का?

अशा माणसाच्या हाती आमच्या मुलीने, यामिनीने, लॉकडाऊनमध्ये एक युद्धाचा खेळ दिला. कॉम्प्युटरवरचा, अगदी सुरुवातीच्या काळातल्या रोमचा. साम्राज्य वगैरे नंतरचं; इथे रोम म्हणजे शेजाऱ्यांशी भांडणारं एक गाव. ती पुण्याला नोकरी करते आणि हे इथे कलकत्त्याच्या बेहाला भागात, म्हणून दर रविवारी सकाळी नाश्ता झाला की बापलेक फोन कानाशी लावून एकाच बाजूने लढतात. सैन्य अर्धं तिचं, अर्धं यांचं.

ऐकून ऐकून मलाही त्या सैन्याची माहिती झाली. पायदळाच्या तीन रांगा. पुढे हस्ताती, म्हणजे कोवळी, गरिबाघरची पोरं. छातीवर पितळेचा एवढासा पत्रा आणि हातात फेकायचे भाले. त्यांच्या मागे प्रिन्किपेस, पोक्त, घरदार असलेले. आणि सगळ्यात मागे त्रियारी. हे जुने मुरलेले सैनिक, लांब भाले घेऊन एक गुडघा जमिनीला टेकून बसलेले. पुढच्या दोन्ही रांगा हटल्या तरच त्यांनी उठायचं. रोमन लोक म्हणे कठीण प्रसंगाला ‘पाळी त्रियारींवर आली’ असंच म्हणत.

दत्तात्रयांना हे त्रियारी इतके आवडले, की ते त्यांना उठवतच नसत. पोरं मरतायत, पोक्त लोक मागे सरकतायत, पडद्यावर लाल खुणा लुकलुकतायत, आणि हे म्हणणार, “अजून नाही. अजून वेळ आली नाही.” मग लढाई हरायची आणि शेवटी हिशेब यायचा: हस्ताती संपले, प्रिन्किपेस संपले, त्रियारी सर्वच्या सर्व सुखरूप. एकदा तर अगदी शेवटच्या क्षणी उठवले, तोवर सेनापती पडलेला होता. वरातीमागून घोडं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मासी केर काढता काढता थांबून म्हणाल्या, “दादाबाबू आबार हेरे गेछेन?” दादाबाबू पुन्हा हरले होतेच. मी खूप हसले त्या दिवशी.

पण या सवयीचं दर वेळी हसू येत नाही. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझ्या सासूबाई मिरजेला एकट्या राहायच्या. आम्ही कलकत्त्यात. दत्तात्रयांच्या मनात पक्कं बसलं होतं, की बदलीचा अर्ज माणसाने एकदाच करावा, म्हणजे त्याला वजन राहतं. असा काही नियम नव्हता, कोणी त्यांना सांगितलंही नव्हतं. अर्ज त्यांनी लिहून ठेवला होता, फाइलला लावला होता, तारीख तेवढी कोरी. दर रविवारी आईला फोन करून विचारायचे, “येऊ का गं तिकडे?” आणि त्या म्हणायच्या, “कशाला? माझं चाललंय छान. तशी गरज पडली की मी सांगेन.” हे त्या सहा वर्षं म्हणत होत्या. मग दोन हजार नऊच्या जूनमध्ये त्या न्हाणीघरात पडल्या, आणि शेजारणीला कळेपर्यंत दुपार झाली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा फक्त अंत्यविधी उरले होते. परत आल्यावर दत्तात्रयांनी तो अर्ज फाडला नाही, फेकला नाही, पुन्हा फाइलला लावून ठेवला. मला त्या दिवशी त्यांचा अतोनात राग आला होता. तो राग मी कधी बोलून दाखवला नाही, आणि आता वाटतं, दाखवायला हवा होता.

आता या वर्षीची गोष्ट. यामिनीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. मी तिची खोलीसुद्धा रंगवून घेतली. पण सहाव्या महिन्यात तिचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. आमचा जावई सलील जहाजावर इंजिनियर आहे, तो बाळाच्या तारखेला जेमतेम पोहोचणार. त्याला आईवडील नाहीत. म्हणजे मुलगी माहेरी येऊ शकत नसेल तर माहेराने तिच्याकडे जायला हवं, इतकं सोपं गणित होतं. मी लगेच निघाले असते, पण माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाचच आठवडे झाले होते आणि मला एकटीला प्रवासाला डॉक्टरांची मनाई होती.

दत्तात्रयांनी तिकिटं काढली ती प्रसूतीच्या तारखेआधी दहा दिवसांची. म्हणजे अजून अडीच महिने. “रजा आताच संपवली तर ऐन वेळी काय करू?” मी म्हटलं, तीनशे दिवस आहेत. ते म्हणाले, “मार्चच्या आत ऑडिट आहे, एकदाच सोडतील.” पुन्हा तेच एकदाच. यामिनीही फोनवर बापाचीच री ओढत होती: “आई, बाबांचं बरोबर आहे. मी मॅनेज करते ना. तुम्ही नंतर या.”

मग तो रविवार आला. मी जेवणाच्या टेबलावर मटार सोलत बसले होते, समोर हे कॉम्प्युटरपाशी, फोन स्पीकरवर. यामिनी पलंगावर पडून खेळत होती. लढाई डोंगराळ मुलखातल्या सॅम्नाइट लोकांशी होती आणि ते वरून उतारावरून येत होते. तिच्या बाजूची पोरं पहिल्याच धडकेला पळाली. प्रिन्किपेसही मोडायला लागले. यांच्या मागे चार तुकड्या त्रियारी गुडघे टेकून बसलेल्या.

“पाठवू का गं तुझ्याकडे?” यांनी विचारलं.

“नको बाबा, तुमचे ठेवा. पुढे लागतील.”

“तुझी मधली रांग मोडतेय.”

“माझं चाललंय ठीक. गरज पडली की मी सांगेन.”

यांचा हात माऊसवर तसाच राहिला. पडद्यावर तिची माणसं पडत होती आणि हे बघत होते. मी मटारची शेंग हातातच धरून बसले, कारण ते वाक्य मीही ओळखलं होतं. आवाज तिचा होता, पण बोलण्याची रीत मिरजेची. आणि तिला ती शिकवली कोणी, हे त्या घरात दोन्ही माणसांना माहीत होतं.

“यामिनी,” दत्तात्रय म्हणाले, “काल रक्तदाब किती होता?”

“बाबा, तुमच्या डावीकडे बघा, ते येतायत.”

“येऊ देत. किती होता?”

मग तिने सांगितलं. एकशे साठ. काल नव्हे, बुधवारी. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले म्हणून ती एकटी टॅक्सी करून हॉस्पिटलात गेली होती आणि दोन दिवस तिथे राहून परत आली होती. आम्हाला तिने त्या दोन दिवसांत रोज फोन केला होता, हसून बोलली होती, आणि एकदा मला साबुदाण्याच्या खिचडीचं प्रमाण विचारलं होतं.

मी ओरडणार होते. पण दत्तात्रयांनी लढाई चालू असतानाच खेळ बंद केला, हे मी पहिल्यांदा पाहिलं. हरायच्या आधीच. ते उठले आणि म्हणाले, “शकुन, तुझी काठी कुठाय? उद्याचं सकाळचं विमान बघतो.” मी म्हटलं, रजा? ऑडिट? ते म्हणाले, “साहेबांना मेल करतो. नाही सोडलं तरी जातोय.” चाळीस वर्षांच्या नोकरीत हा माणूस मंजुरीशिवाय एक दिवस घरी राहिलेला नाही. ते मेल लिहायला बसले तेव्हा त्यांना सुरुवातच सुचेना, म्हणून मी सांगत गेले आणि त्यांनी लिहिलं. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला प्रेमच म्हणायचं, दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

सोमवारी दुपारी आम्ही पुण्याला तिच्या दारात उभे होतो, मी काठी टेकत, हे दोन बॅगा घेऊन. तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने नको म्हटलं असतं. तिच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी दार उघडलं. यामिनी आत पलंगावर डाव्या कुशीवर पडली होती, पाय सुजलेले, केस विंचरलेले नव्हते. आम्हाला बघून ती आनंदली नाही. चिडलीच.

“बाबा, आत्ता कशाला आलात? अजून अडीच महिने आहेत. आत्ताच सगळी रजा वापरलीत, मग बाळाच्या वेळी काय कराल?”

“तेव्हाही असेन,” दत्तात्रय म्हणाले.

“कसे असाल? सोडणार आहेत का तुम्हाला इतके दिवस?”

“ते माझं मी बघेन. तू सरक जरा.”

ते पलंगाच्या कडेला बसले. तिने बापाच्या शर्टाची बाही मुठीत धरली, लहानपणी ताप आला की धरायची तशी, आणि उशीत तोंड खुपसून म्हणाली, “बुधवारी मला फार भीती वाटली होती, बाबा. मला वाटलं, मी आणि बाळ, दोघंही आता… आणि तुम्हाला फोन लावला होता मी. वाजायच्या आधीच कट केला.”

दत्तात्रयांनी ‘का’ असं विचारलं नाही. तिने बाही सोडेपर्यंत ते तसेच बसून राहिले, आणि तिने ती सोडली तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते.