चपला काढून उघडायचा संगणक

फ्लॉपीभाऊ संगणक उघडण्यापूर्वी पायांतल्या चपला काढीत. संगणक कोठे आहे याला महत्त्व नसे. सिंदेवाहीच्या बसस्थानकातील बाकावर त्या काढीत, लग्नाच्या मांडवात काढीत. एकदा तलावाच्या पाळीवर, बाभळीखाली, त्यांनी आधी चपला काढल्या आणि मग लॅपटॉपचे झाकण उचलले. काटा रुतला. तो त्यांनी काम संपल्यावर काढला.

याचे कारण साधे होते. तरुणपणी चंद्रपुरात ते एका वर्गात संगणक शिकले. तेथे यंत्र वातानुकूलित खोलीत असे आणि विद्यार्थी घामाघूम होऊन बाहेर आपल्या पाळीची वाट पाहत. धूळ आत जाऊ नये म्हणून पादत्राणे उंबरठ्याबाहेर ठेवावी लागत. पुढे ती खोली गेली, तो वर्ग बंद पडला, धुळीचे भय कोणाला उरले नाही. नियम मात्र फ्लॉपीभाऊंबरोबर राहिला. एका सरकारी कार्यालयात त्यांनी संगणकचालक म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, तरी सदऱ्याच्या खिशात एक काळी फ्लॉपी कायम असे. तिच्यात काय आहे असे विचारले तर ते म्हणत, "होतं काहीतरी." त्यांचे खरे नाव गावाला ठाऊक असावे. ते कोणी वापरल्याचे मला आठवत नाही.

निवृत्तीनंतर ते पत्रिका काढून देऊ लागले. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांत आणि तळ्यावर मासे धरणाऱ्यांत पत्रिका पाहण्याची रीत फारशी नव्हती. नावावरून रास पाहत, मुलाचे हात कामाचे आहेत का ते पाहत आणि सोयरीक करीत. पत्रिका आमच्याकडे पंचांगाबरोबर आली नाही, ती मोबाईलबरोबर आली. जे काम पूर्वी एखाद्या विद्वानालाच करता येत असे, ते आता प्रत्येक नवरदेवाच्या मामाला करता येऊ लागले. सोयरीक मोडण्याची अशी सोय घरोघरी पोचल्यावर ती वापरली जाणारच. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

फ्लॉपीभाऊंजवळचा पत्रिकेचा कार्यक्रम, म्हणजे संगणकातला प्रोग्रॅम, चंद्रपूरच्या त्या वर्गाच्या काळातला होता. काळा पडदा, पांढरी अक्षरे. नवा संगणक त्याला उभा करीना. तेव्हा त्यांनी एम्युलेटर नावाची एक आज्ञावली आणून बसवली. नव्या यंत्राच्या पोटात ती जुन्या यंत्राचे सोंग वठवते. त्या सोंगामुळे जुन्या कार्यक्रमाला आपण आपल्याच काळात आहोत असे वाटते आणि तो निमूट काम करू लागतो. सेवानिवृत्त माणसांसाठी अशी सोय अद्याप निघालेली नाही.

आरंभी एक अडचण आली. नव्या यंत्राच्या वेगामुळे पत्रिका डोळ्याचे पाते लवण्याच्या आत तयार होई. लोकांना ते पटेना. एका म्हाताऱ्याने तर तोंडावर विचारले, "झालं? पाह्यलं तरी काय यानं?" फ्लॉपीभाऊंनी एम्युलेटरचा वेग उतरवला, इतका की मूळ यंत्रही त्याहून चपळ असेल. मी याबद्दल टोकले तेव्हा ते म्हणाले, "ग्रह नऊ हायेत, गुर्जी. एकेकाजवळ जाऊन यायले वेळ लागते."

छपाईचेही तेच झाले. नवा प्रिंटर आवाज करीत नसे आणि आवाज न करता बाहेर आलेल्या पत्रिकेवर कोणाचा विश्वास बसत नसे. त्यांनी कोठून तरी जुन्या प्रिंटरची करकर मोबाईलमध्ये भरून आणली. कागद आधीच छापून झालेला असे. त्यावर रुमाल टाकून ते करकर वाजवीत, ती संपली की रुमाल उचलीत. लोक रुमालाकडे हात जोडून पाहत. मी गणिताचा शिक्षक. मला हे सारे हास्यास्पद वाटे आणि मी ते त्यांना सांगत असे. "हाओ जी," ते म्हणत, आणि पुढच्या वेळी रुमाल पुन्हा टाकीत.

त्यांची एक सवय मात्र मला आवडे. जन्मवेळेबाबत ते काटेकोर होते. पडद्याकडे पाहून झाल्यावर ते पुष्कळदा आईकडे वळत आणि म्हणत, "बाई, वेळ एकदा पक्की करा." मग ती बाई आठवू लागे. सूर्य कोठे होता, गाई परतल्या होत्या की नव्हत्या, चुलीवर काय होते. आठवता आठवता वेळ दोन-चार तासांनी सरके. फ्लॉपीभाऊ नवा आकडा भरीत. अचूकतेचा एवढा आग्रह धरणारा माणूस या भागात विरळा, असे माझे मत होते.

प्रणाली माझी विद्यार्थिनी. गणितात चांगली, वागण्यात सरळ. शिकून ती आरोग्य उपकेंद्रात परिचारिका झाली. तिचे वडील रामदास गावच्या तळ्यात मासेमारी करीत. वीज मंडळातल्या एका मुलाचे आणि तिचे मन जुळले. मुलाच्या आईची ना नव्हती. मुलाला वडील नव्हते, म्हणून निर्णय मामांच्या हाती आला. हे मामा चिमूरचे. त्यांनी बैठकीत मोबाईल काढला आणि मुलीला कडक मंगळ असल्याचे जाहीर केले. याच कारणाने तिची दोन स्थळे आधी गेली होती. या वेळी मात्र नुसते स्थळ जाणार नव्हते.

रामदास माझ्याकडे आला आणि उंबरठ्यावर बसला. "गुर्जी, पोरगी बोलून नाई राह्यली," तो म्हणाला. "ड्युटी करते, घरी येते, भिंतीकडं तोंड करून बसते. मामा म्हणतात, फ्लॉपीभाऊची पत्रिका चांगली आली तर मानतो. पण गुर्जी सोबत पाहिजेत म्हणतात. हिशेब गुर्जीनं बरोबर म्हटला पाहिजे म्हणतात."

मी गेलो. दुपारची वेळ होती. फ्लॉपीभाऊंच्या पडवीत मामा, मुलाची आई, रामदास आणि त्याची बायको असे सारे बसले. फ्लॉपीभाऊंनी चपला काढल्या. मामांनी काढल्या नाहीत. मुलाच्या जन्माची तारीख भरून झाली, मग प्रणालीची आली. त्या कार्यक्रमात वर्षासाठी दोनच आकड्यांची जागा होती. त्यांनी शून्य आणि एक भरले. ग्रह आपल्या गतीने जाऊन आले. फ्लॉपीभाऊंनी पडद्याकडे पाहिले आणि रामदासच्या बायकोला म्हणाले, "बाई, वेळ एकदा पक्की करा."

ती म्हणाली की सोमवार होता, गावचा बाजार होता. दाई बाजारात गेली होती, तिला बोलवायला माणूस धाडला, आणि ती वांग्याची पिशवी घेऊनच घरात शिरली. दुपार असावी. मग ती थांबली. "नाई जी. दाई आली तवा बाजार उठून राह्यला होता. सांजच झाली होती." फ्लॉपीभाऊंनी वेळ बदलली. ग्रह पुन्हा जाऊन आले. या वेळी ते मान हलवून म्हणाले, "मंगळ नाई."

मी पडद्याकडे पाहिले. तेथे वार लिहिला होता, मंगळवार.

बाजार चुकत नाही. आमच्याकडच्या बायका वर्ष विसरतील, बाजाराचा वार विसरणार नाहीत. मग यंत्र एका दिवसाने पुढे का? मी गणित केले. हीच तारीख बरोबर शंभर वर्षे मागे नेली की वार एकाने पुढे सरकतो. त्या कार्यक्रमाला दोन हजार साल ठाऊकच नव्हते. शून्य-एक म्हणजे त्याच्या लेखी एकोणीसशे एक. पत्रिका प्रणालीची नव्हतीच. तिच्या पणजीच्या वयाच्या, कधी न जन्मलेल्या एका बाईची ती होती. मुलाच्या वर्षाचे आकडे सत्त्याण्णव, ते मात्र यंत्राने बरोबर घेतले होते. म्हणजे वधू वराहून शहाण्णव वर्षांनी वडील होती. गुण उत्तम जुळले होते.

रुमालाखालची करकर थांबली. मामा कागद हाती घेऊन माझ्याकडे वळले. "गुर्जी, तुमचं काय म्हणणं?" रामदासची बायको पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. फ्लॉपीभाऊ माझ्याकडे पाहत होते. मी काय पाहिले हे त्यांना कळले होते.

मी म्हणालो, "यंत्राला जे आकडे कळले, त्यांचा हिशेब यंत्राने बरोबर केला आहे."

या वाक्यात असत्य काही नाही. मी ते नंतर अनेकदा तपासून पाहिले आहे. मामांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

मंडळी गेल्यावर मी फ्लॉपीभाऊंना विचारले की हे त्यांना केव्हापासून ठाऊक आहे. दोन हजारानंतरची पोरे लग्नाला आली तेव्हापासून, असे ते म्हणाले. मग दुरुस्त का केले नाही? त्यांनी लॅपटॉपचे झाकण हळू मिटले.

"दुरुस्त केलं का हा मोबाईलसारखाच बोलन, गुर्जी. एक मोबाईल दुसऱ्याची साक्ष देते. याची साक्ष तपासायले दुसरं मशीनच उरलं नाई, म्हून याचं चालते."

"आणि ती जन्मवेळ?"

"तेही हायेच. शंभर साल मागं जाऊनही एखाद्याले मंगळ सापडते. मंगळ लय चिवट."

मी म्हणालो की ही लबाडी आहे.

"हाओ जी," ते म्हणाले. मग पायाने चपला जवळ ओढीत, "शंभर सालाआधी आपल्या इकडं कोणालेच मंगळ नव्हता, गुर्जी. पाहायलेच कोणी नव्हतं. मी लोकायले तिथंच नेऊन सोडतो." एवढे बोलून त्यांनी चपला घातल्या.

प्रणालीचे लग्न झाले. संसार इतरांच्या संसारासारखाच आहे. नवरा हेल्मेट घालत नाही म्हणून ती त्याला चारचौघांत बोलते. यात ग्रहांचा काही हात दिसत नाही.

फ्लॉपीभाऊ गेल्या उन्हाळ्यात वारले. आजार लांबला नाही. शेवटच्या भेटीत त्यांनी मला फ्लॉपी दिली. तिच्यात काय आहे हे मी विचारले नाही. पुण्याहून मुलगा आला होता. तोही संगणकातलाच, मोठ्या पगाराचा, शांत मुलगा. दिवस झाल्यावर तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. वडिलांचा कार्यक्रम त्याने उघडून पाहिला होता. "बाबांच्या हातून एक चूक राहून गेली होती, सर," तो म्हणाला. "वर्षाला चार आकडे करून देतो. त्यांची आठवण म्हणून मोबाईलवरही टाकता येईल. सगळ्यांना वापरता येईल."

आयुष्यभर मी तारीख चुकली तरी अर्धा गुण कापला आहे. मी त्याला म्हणालो, "हात लावू नका. जसे आहे तसे राहू द्या." मी भावनेने बोलतो आहे असे त्याला वाटले. त्याचे डोळे भरून आले. मी त्याचा समज दूर केला नाही. लॅपटॉप त्याने माझ्याकडेच ठेवला आणि तो माझ्या कपाटात, धुतलेल्या धोतरांखाली पडून राहिला.

परवा चिमूरचे मामा आले. सोबत त्यांची बायको होती. मामा खुर्चीवर बसले नाहीत. त्यांच्या मुलीचे ठरत आले होते आणि नवरदेवाच्या काकांनी मोबाईल काढला होता.

"गुर्जी, पोरीले मंगळ दाखवून राह्यला तो," मामा म्हणाले. "मोबाईलचं काय खरं आहे जी? फ्लॉपीभाऊचं मशीन तुमच्यापाशी हाये म्हणतात."

मी लॅपटॉप काढून मेजावर ठेवला. चपला काढल्या. कोणी न सांगता मामांनीही काढल्या. काळा पडदा उजळला. तारीख भरली, वर्षाचे दोन आकडे भरले. ग्रह एकेक करून जाऊन येऊ लागले. मामा अनवाणी उभे होते. शेवटी पडद्यावर अक्षरे उमटली आणि त्यांत मंगळ होता, जेथे असू नये तेथेच.

मी चष्मा पुसला आणि मामांच्या बायकोकडे वळलो.

"बाई," मी म्हणालो, "वेळ एकदा पक्की करा."