गाणारीचा हात धरणारा

"गाणारे पैशाला पासरी मिळतात, ऐकणारा एक तरी दाखवा," असं कोलमन टॉम म्हणायचा. पबमध्ये म्हणायचा, चर्चच्या पायऱ्यांवर म्हणायचा. सख्ख्या भावाच्या मयतीलासुद्धा म्हणाला, कारण तिथं एक बाई गात असताना कोपऱ्यात दोघं फुटबॉलवर बोलत होते. त्या दोघांतला एक मी होतो.

कोलमन शेवाळ कापायचा. ओहोटीला खडक उघडे पडले की विळा घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायचा. कापलेलं शेवाळ दोरीनं आवळून त्याचा मोठा गोल तराफा करायचा आणि भरती चढली की तो तरंगवत धक्क्याला आणायचा. चाळीस वर्षं हेच. त्याच्या हातांवर शिंपल्यांनी काढलेल्या रेघा होत्या आणि त्या रेघांत मीठ बसलेलं होतं. आवाज म्हणाल तर डोमकावळा बरा. जन्मात त्यानं एक ओळ गायली नाही.

पण आयर्लंडच्या पश्चिमेला, आमच्या कॉनेमाऱ्याच्या किनाऱ्यावर कुणी डोळे मिटून, वाद्याविना, जुन्या चालीचं गाणं म्हणू लागला, की शेजारचा माणूस त्याचा हात हातात घेतो आणि चालीबरोबर सावकाश फिरवतो, विहिरीचा रहाट फिरवावा तसा. हे सगळेच करतात. कोलमनसारखं कुणाला जमत नव्हतं. गाणाऱ्याचा श्वास कुठं अपुरा पडणार, हे गाणाऱ्याच्या आधी त्याला कळायचं. तिथं त्याचा हात जड व्हायचा, जरा थांबायचा, आणि गाणाऱ्याला उमजायचं की घाई नाही, कुणीतरी आहे. कडवं संपलं की तो पुटपुटायचा, "देव तुझ्या पाठीशी." तेवढंच.

त्याच्या शेजारच्या ब्रीजची मुलगी नेसा. चारचौघांत तोंड न उघडणारी पोर. सात वर्षांची असताना कोलमनच्या शेगडीशी बसून ती एकदा गुणगुणली. त्यानं तिचा हात धरला आणि पोरीनं पाच कडवी सलग म्हटली. ब्रीज दारात रडत उभी होती. पुढची चार वर्षं नेसा गायली ती त्याच हाताच्या आधारानं. हात नसला की दुसऱ्या कडव्यात अडकायची. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

मग पोलंडमध्ये होणाऱ्या, देशोदेशीच्या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी आयर्लंडचं गाणं निवडायचं निघालं. गाणं नवं हवं आणि आयरिशमध्ये हवं. आमच्या शाळेतल्या बाईंनी जुन्या चालीवर वादळातल्या होडीचं एक गाणं रचलं. नेसा डब्लिनला टीव्हीवर ते गायली. शेजारी कोलमन, विटलेल्या स्वेटरमध्ये, तिचा हात फिरवत. परीक्षक रडले. नेसा जिंकली. त्या दिवसापासून आमचं गाव बिघडलं.

तीन आठवड्यांनी डब्लिनहून क्लीना नावाची बाई आली. मुलीला स्पर्धेसाठी तयार करण्याचं काम तिच्याकडे होतं. तिनं गाणं तीन मिनिटांत बसवलं होतं आणि खाली ढोल घातले होते.

"तीन मिनिटं तर तीन मिनिटं," कोलमन म्हणाला. "ढोल वाजवा, नाहीतर पत्रे वाजवा. तिचा हात कोण धरणार ते सांगा."

"चौदा वर्षांवरचं कुणी तिथं स्टेजवर चालत नाही, आजोबा. नियम आहे."

"मग चौदाच्या आतलं पोर द्या. आमच्या शाळेत अठरा आहेत. एकाला मी शिकवतो."

क्लीना हसली. "अहो, ते आम्ही कधीच केलंय!" आणि तिनं फोन पुढे धरला. फोनमध्ये डब्लिनच्या नाचाच्या वर्गातल्या सहा मुली चांदीच्या कपड्यांत नेसाभोवती उभ्या होत्या आणि ढोलाच्या ठोक्यावर आपापले हात गरागरा फिरवत होत्या. "बघा, तुमचीच कला आहे. सगळ्या युरोपला दिसणार."

कोलमननं ते शेवटपर्यंत पाहिलं. "यातली तिच्याकडे बघतेय कोण?"

"कॅमेऱ्याकडे बघायचं असतं."

"आणि ऐकतेय कोण?"

"सगळा युरोप ऐकणार आहे, आजोबा!"

"युरोपला हात आहे का?" कोलमन म्हणाला आणि तिचा फोन त्यानं टेबलावर पालथा घातला.

त्याच संध्याकाळी तो ब्रीजकडे गेला. त्यांचं भांडण आमच्या अंगणात ऐकू येत होतं.

"माझ्या पोरीचं चांगलं होतंय ते बघवत नाही का तुला?"

"तालमीत किती वेळा अडकली?"

भांडी आपटल्याचा आवाज आला.

"किती वेळा, ब्रीज?"

"तीनदा. पण त्यांनी कानात घालायला काहीतरी दिलंय. त्यात ठोके वाजतात."

"म्हणजे माणूस काढून घड्याळ बसवलं! उद्या तुझ्या पोरीला बुडताना काढायला भोंगा पाठवतील!"

"जा तू इथून!"

पबमध्ये मालक फेस्टीनं त्याला चिमटा काढला. "कोलमन, तुला पोलंडचं तिकीट मिळालं नाही, त्याचा राग आहे हा."

"फेस्टी, तू ग्लास धू. तेवढं तुला जमतं."

सगळे हसले, पण फेस्टीच्या बाजूनं हसले. मीही हसलो. ते हसू आजही भातातल्या खड्यासारखं माझ्या दाताखाली येतं. दुकानांवर नेसाचे फोटो लागले होते, रस्त्यावर झेंडे लागले होते, आणि आम्हाला आमचं नाव टीव्हीवर हवं होतं. गाण्यापूर्वी दाखवायच्या चित्रफितीसाठी टीव्हीवाल्यांनी कोलमनला एकच शेवाळाचा भारा नऊ वेळा उचलायला लावला होता. त्यानं उचलला, नेसासाठी. आम्ही धक्क्यावर उभे राहून टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या, देव जाणे.

पोलंडला निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, गावाच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता. पुढे भला मोठा पडदा, त्यावर कॅमेऱ्यातलं सगळं दिसत होतं. कोलमन येणार नव्हता. नेसा स्वतः त्याला बोलवायला गेली, म्हणून धुतलेला शर्ट घालून आला.

त्याच चित्रफितीसाठी क्लीनानं दोघांना स्टेजवर उभं केलं. कोलमननं नेसाचा हात हातात घेतला, डोळे मिटले, आणि वाट पाहिली. हॉल शांत झाला.

"गा, पोरी," तो म्हणाला.

"नाही नाही, गाऊ नकोस गं, घसा जपायचाय!" खालून क्लीना ओरडली. "गाणं आम्ही मागून लावतो, आजोबा. तुम्ही नुसता हात फिरवा. गोल गोल."

कोलमननं डोळे उघडले. "आणि ऐकू काय?"

"काहीच नाही. नुसतं ऐकल्यासारखं करा."

मी माणसं चिडलेली पाहिली आहेत. दर्यानं होडी फोडली तेव्हाची पाहिली आहेत, जमिनीच्या वाटणीतली पाहिली आहेत. असा चेहरा पाहिला नव्हता. मानेपासून वर तो लाल होत गेला, पण नेसाच्या बोटांभोवतीची त्याची बोटं तेवढी सैल राहिली, पाखरू धरल्यासारखी.

"ऐकल्यासारखं," तो म्हणाला. "ऐकलंत का रे? तुम्हीही तेच करताय ना, सगळे? ही पोर दोन महिने रोज अडकतेय, आणि तुम्ही झेंडे शिवताय! चोरांनो! आवाज एका पोरीचा, आणि मिरवणार तुम्ही!"

फेस्टी बुटांकडे बघत होता.

कोलमन नेसाकडे वाकला. "तुला गायचंय का आत्ता? तू गा. मी धरतो. बाकीचे गेले खड्ड्यात."

नेसानं आईकडे पाहिलं. ब्रीजनं मान हलवली, नाही म्हणून.

"तिकडंच गाईन," नेसा म्हणाली.

"तिकडं मी नाही."

"माहितेय."

"अडकशील."

"माहितेय, आजोबा."

त्यानं तिचा हात तिच्या अंगाशी नेऊन ठेवला, जिथला तिथं, आणि स्टेजच्या पायऱ्या उतरला. रांगांमधून चालू लागला. कुणाकडे पाहिलं नाही.

"कॅमेरा चालू ठेव, हे फार छान आहे," क्लीना कॅमेरावाल्याला म्हणाली. मग मोठ्यानं, "आजोबा, जरा हळू चाला ना!"

तो हळू चालला नाही. त्याची पाठ मोठ्या पडद्यावर आली, धुतलेल्या शर्टाची, रुंद, दाराकडे जाणारी. हॉलमधली दोनशे माणसं पडद्याकडे तोंड करून ती पाठ बघत होती, मीही त्यांतच. खरा कोलमन आमच्या पाठीमागून दाराबाहेर गेला. त्याच्याकडे स्टेजवरून एकटी नेसा बघत होती.